कनातीपलीकडचा हशा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ इस्लापूरची ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पश्चात या व्यासपीठावरून संतवाङ्मय, शेती, सहकार आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत जुन्या विनोदी चित्रपटांविषयी बोलण्याची परवानगी मी मागितली, तेव्हा चालकांपैकी कोणाच्या कपाळावर आठी उमटली असेल, तर तिच्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. विनोद हा आपल्या वाङ्मयव्यवहारात कायम ओसरीवरचा पाहुणा राहिला. त्याच्या गप्पांनी घर हसते, पण माजघरात त्याच्यासाठी कोणी पाट मांडीत नाही. तरीही तरुण पोरांच्या प्रेमप्रकरणांवर, थापेबाजीवर आणि फजितीवर उभे असलेले जे चित्रपट महाराष्ट्राने गेल्या पन्नास वर्षांत डोक्यावर घेतले, ते पुन्हा पाहताना आजच्या प्रेक्षकाला काय खुपते आणि का खुपते, हा प्रश्न मला संतवाङ्मयाइतका नसला तरी सहकाराइतका गंभीर वाटतो, आणि सहकारात असलेल्या मंडळींनी हे थट्टेवारी न्यावे अशी विनंती आहे.

प्रश्न उद्भवतो तो घरातच. रविवारी दुपारी दूरचित्रवाणीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेला असतो, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे पुढचे वाक्य आधीच म्हणत हसत असतात, आणि मध्येच एखाद्या प्रसंगी महाविद्यालयात जाणारी नात हसायची थांबते व यात हसण्यासारखे काय आहे, असे शांतपणे विचारते. त्यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते, की हल्लीच्या पोरांना थट्टा सोसत नाही, आमच्या वेळी असे नव्हते. हे उत्तर काही आपल्याच घरातले नव्हे. अमेरिकेत जॉन ह्यूज नावाच्या दिग्दर्शकाने शाळकरी मुलामुलींवर जे हलकेफुलके चित्रपट काढले, त्यांपैकी १९८४चा ‘सिक्स्टीन कँडल्स’ आणि १९८५चा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ हे तिकडे आपल्या बनवाबनवीइतकेच लाडके आहेत. त्यांची नायिका मॉली रिंगवॉल्ड हिने २०१८ साली, स्वतःच्या मुलीसोबत जुना चित्रपट पाहिल्यानंतर, ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात एक दीर्घ लेख लिहिला. ज्या चित्रपटांनी आपल्याला नावलौकिक दिला, त्यांत नशेत शुद्ध हरपलेली मुलगी एका मुलाने दुसऱ्याच्या हवाली करण्याचा प्रसंग गंमत म्हणून घातला आहे, आणि परदेशातून आलेल्या एका विद्यार्थ्याची सारी व्यक्तिरेखाच कुचेष्टेसाठी रचली आहे, हे तिने नोंदवले. त्याच चित्रपटांनी कित्येक एकाकी पोरांना धीर दिला, हेही तिने लपवले नाही. त्या लेखातले अवघडलेपण मला फार प्रामाणिक वाटते, कारण आपल्याला घडवणाऱ्या गोष्टीची झाडाझडती घेणे हे परक्याची घेण्यापेक्षा पुष्कळ कठीण असते.

माझे म्हणणे असे की, प्रेक्षक हळवा झाला ही फिर्याद चुकीच्या दप्तरात दाखल झालेली आहे. विनोदाने दुखावणारी माणसे पूर्वीही होती. ती तंबूत आणि थिएटरात बसलेली असत, तिकिटाचे पैसेही मोजीत, परंतु त्यांच्या न हसण्याची दखल घेण्याची रीत नव्हती, आणि बाकीच्यांच्या गडगडाटात त्यांचे गप्प राहणे कोणाला ऐकू येत नसे. आज ते ऐकू येते. मामला एवढाच आहे.

ज्यांनी यात्रेतला तंबूतला सिनेमा पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच उमजेल. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तमाशाचे फड उतरत, तसेच यात्राजत्रांतून फिरते सिनेमेही लागत. तंबूच्या मधोमध, पडद्यापासून पार मागच्या बांबूपर्यंत, सुतळीने ताणून बांधलेली एक कनात असे. तिच्या एका अंगाला गडीमाणसे, दुसऱ्या अंगाला बायका आणि कडेवरची पोरे. खाली सतरंजी असलीच तर पुढच्या दोनचार ओळींपुरती, बाकी सगळी माती. रीळ संपून यंत्रवाला दुसरे चढवीपर्यंत अलीकडून शिट्ट्या वाजत आणि पलीकडून रडणाऱ्या पोरांना दटावल्याचे आवाज येत. पडद्यावर दादा कोंडके यांनी एखादे दुहेरी अर्थाचे वाक्य टाकले की अलीकडे तंबूचे खांब हलतील असा हशा उसळे. पलीकडे प्रथम शांतता, मग पदराआडची खसखस, आणि काही वाक्यांना तर काहीच नाही. उलट पारू केळेवालीच्या भूमिकेतल्या उषा चव्हाण यांनी दादांच्या पांडू हवालदाराला फाडकन उत्तर दिले, की पहिला हशा कनातीच्या पलीकडून येई, आणि तो अलीकडच्या हशाहून मोकळा असे. एकच चित्रपट, एकच पडदा, एकच वेळ. पण त्या एका तंबूत दोन निरनिराळे चित्रपट पाहिले जात होते. कोणत्या वाक्याला कोणत्या अंगाने दाद दिली, याची नोंद ठेवण्याचे कोणाच्या मनातही आले नाही, हे उघडच आहे. तिकिटाचा गल्ला मात्र एकत्र मोजला जाई.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे या विषयावरच्या निम्म्या वादांत दोन्ही पक्ष एकमेकांशी न बोलता भलत्याच कोणाशी बोलत राहतात. दादांचा ‘सोंगाड्या’ १९७१च्या सुमारास आला, १९७५ला ‘पांडू हवालदार’ आला, आणि त्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले. त्या सगळ्या काळात पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वर्गाने त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप ठेवला, सेन्सॉरशी त्यांचे खटके उडत राहिले, आणि खेड्यातला प्रेक्षक मात्र बैलगाड्या जुंपून त्यांच्या चित्रपटांना जात राहिला. त्या वेळचा आक्षेप हा शिष्टाचाराचा आक्षेप होता. चार भल्या माणसांत जे बोलू नये ते हा माणूस पडद्यावर बोलतो, एवढीच त्याची कैफियत. कनातीपलीकडच्या बाईला काय वाटते, हे विचारण्याची आवश्यकता आक्षेप घेणाऱ्यांना वाटली नाही आणि दाद देणाऱ्यांनाही वाटली नाही. आजचा आक्षेप निराळ्या ठिकाणाहून येतो. तो शब्द उघडा आहे की झाकलेला आहे याची फारशी पर्वा करीत नाही. थट्टा कोणाच्या जिवावर चालली आहे, एवढेच विचारतो. म्हणूनच, ज्याला कालचे शिष्ट लोक चावट म्हणत ते वाक्य आजची मुलगी खुशाल हसून सोडून देते, आणि ज्याला कालचे शिष्ट लोक निर्मळ कौटुंबिक करमणूक म्हणत तिथे ती थबकते. या दोन्ही गोष्टींना आपण ‘भावना दुखावणे’ हेच एक लेबल लावतो आणि मग गोंधळतो.

हा भेद किती खरा आहे याची साक्ष एकाच लेखकाच्या कारकिर्दीत सापडते. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे १९६५च्या सुमारास गाजू लागलेले लोकनाट्य लिहिले वसंत सबनीस यांनी; दादा कोंडके यांना महाराष्ट्राने ओळखले ते त्यातूनच. ‘सोंगाड्या’ची कथाही सबनिसांची. आणि १९८८च्या सप्टेंबरात आलेल्या, सहकुटुंब पाहण्यासारखा म्हणून ज्याची आजही ग्वाही दिली जाते त्या ‘अशी ही बनवाबनवी’चे लेखनही सबनिसांचेच. म्हणजे ज्या लेखणीला एका हाताने ग्राम्य म्हणायचे तिलाच दुसऱ्या हाताने सोज्ज्वळतेचे प्रमाणपत्र द्यायचे, असा हा आपला रसिकव्यवहार. सबनिसांना माणसाची लबाडी आणि तिची अटळ फजिती यांची नजर होती, ती तमाशाच्या बोर्डावर जशी चालली तशीच पुण्याच्या वाड्यातही चालली.

आता त्या बनवाबनवीकडेच वळू, कारण आपल्याकडे या विषयाचा खरा मुकदमा त्याच चित्रपटावर चालतो. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची; सचिन पिळगावकर यांनी ती पुण्यात आणून बसवली. चार तरुण, चौघांना मिळून एकही धड खोली नाही. विश्वास सरपोतदारांसारखा घरमालक डोक्यावर, आणि त्याच्या तावडीतून सुटावे तर पुढचे घर लीलाबाई काळभोरांचे, जिथे फक्त जोडप्यांनाच थारा. सबब दोघांनी लुगडी नेसायची आणि दोघांनी नवरे व्हायचे. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा पाहून आपण गेली सदतीस-अडतीस वर्षे हसत आलो. हे हसणे आज टिकते काय? माझ्या मते त्याचा मोठा भाग टिकतो, आणि का टिकतो हे पाहण्यासारखे आहे. पार्वतीच्या रूपातला परशा ज्या ज्या क्षणी हास्यास्पद होतो, त्या त्या क्षणी हसू त्याच्या पुरुषीपणाचे होते. पदर सावरता येत नाही, पावले आवरत नाहीत, आणि बायकांवर रोखलेली पुरुषाची नजर एकदा आपल्या अंगावर झेलली की ती किती जड असते हे त्याला कळते. बाईपण हे निंद्य आहे असे तो चित्रपट सुचवीत नाही; बाईपण निभावणे किती अवघड आहे, हे मात्र चार पुरुषांच्या घामाने दाखवतो. शिवाय चौघांतले धनंजय माने ज्या कचेरीत नोकरी करतात तिची मालकीण एक तरुण बाई आहे आणि ती बाई आहे म्हणून कोणी तिची टवाळी करीत नाही, ही गोष्ट १९८८च्या चित्रपटात मला उल्लेखनीय वाटते.

पण नात थबकली होती ती भलत्याच ठिकाणी. स्त्रीवेशाच्या आडून एखाद्या मुलीच्या विश्वासात शिरणे, मैत्रीण म्हणून तिच्या जवळ बसणे, आणि ती अनभिज्ञ असताना तिच्यावर प्रेम करणे, हा प्रसंग पूर्वी निव्वळ खट्याळपणा वाटे. आज जिला खोट्या नावाच्या खात्यावरून मैत्रिणीच्या सोंगाने संदेश येतात, त्या मुलीला तो तसा वाटत नाही, आणि का वाटावा? तिने स्वतःच्या भ्रमणध्वनीवर जे भोगले आहे तेच पडद्यावर गाणे होऊन आले तर हसण्याचे कर्ज तिच्यावर नाही. आजोबांचे हसू खोटे नव्हते. त्यांच्या आयुष्यात हा प्रसंग कधी घडण्यासारखा नव्हता, एवढीच त्यांची सोय होती.

आणि घराचा प्रश्न! इस्लापूर, किनवट, हिमायतनगर, हदगाव या भागांतून स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला गेलेला मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा शोधत फिरतो, तेव्हा आडनाव काय, गाव कोणते, मांसमच्छी खाता काय, मित्र येतात काय, असे प्रश्न त्याला जिन्यातच विचारले जातात. काहींना आडनाव सांगताच खोली आत्ताच गेली असे उत्तर मिळते. सरपोतदारांवर हसताना ज्या पोटतिडिकेने ही मुले हसतात ती पोटतिडीक चित्रपट निघाला तेव्हाच्या पुणेकर प्रेक्षकाला कदाचित कळलीही नसेल. काळाने काही विनोद शिळे केले हे खरे, पण काहींना त्याने नवी धार लावली, हे फिर्यादी मंडळी सोयीस्करपणे विसरतात.

त्या पिढीच्या बाकीच्या चित्रपटांचा निकाल मी लवकर लावतो. महेश कोठारे यांचा १९८५चा ‘धुमधडाका’ पाहा: त्याची कथा १९६४ला तमिळमध्ये जन्मली, पुढे तेलुगूत आणि हिंदीत गेली आणि अखेर मराठीत उतरली, म्हणजे सीमेवरच्या आपल्यासारख्यांना तर ती दोन दोन भाषांत ओळखीची, तिच्यात फजिती होते ती पैशाच्या गुर्मीतल्या बापाची, आणि शरद तळवलकर ती इतक्या लोभसपणे करून घेतात की चित्रपटाला आजही कोठे गंज चढलेला नाही. ‘गंमत जंमत’ १९८७चा. अशोक सराफ यांच्यासाठी मी तो अजूनही पाहतो, पण श्रीमंताच्या मुलीला पळवून कोंडून ठेवायचे आणि तिनेच पळवणाऱ्यावर जीव टाकायचा, या कल्पनेवर मन आता बसत नाही ते नाहीच. नायिकेच्या मागे मागे फिरून गाणे म्हणणारा नायक तर आपण हिंदीकडून उसना घेतला. २०१३च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने बाईचा तिच्या मनाविरुद्ध पाठलाग करणे हा तेव्हाच्या दंड संहितेच्या ३५४-ड कलमाखाली गुन्हा ठरवला. ते कलम लावायचे ठरवले असते तर मराठी-हिंदीतले निम्मे नायक मध्यंतरापूर्वीच कोठडीत गेले असते.

एक माणूस मात्र या विषयात मला टाळता येत नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांतून नाच्याची भूमिका इतकी वठवली की पडद्यावर त्यांचा हात कमरेवर गेला आणि आवाज लचकला की प्रेक्षक संवादाची वाट न पाहता हसू लागे. तो अभिनय होता. घरी ते संसारी गृहस्थ होते. पण लोकांनी तो अभिनय माणसाला चिकटवला, आणि आयुष्यभर संशय, कुचेष्टा आणि बोचरे प्रश्न त्यांच्या व त्यांच्या कुटुंबाच्या वाट्याला आले. २००८ साली ते वारले. ज्याच्या हावभावांवर आपण हसलो त्याला घरापर्यंत त्या हशाची किंमत मोजावी लागली, ही गोष्ट ज्याच्या लक्षात आहे त्याने तरी, थट्टेने कोणाचे काय जाते, असे बोलू नये. आणि गणपत पाटील निदान वेश उतरवून घरी जात. ज्यांचा स्वभावच तसा, ज्यांना उतरवायला वेश नाही, ती मुले त्या तंबूत अलीकडच्या अंगाला बसून इतरांबरोबर जोराने हसत असतील, कारण न हसणे अधिक धोक्याचे होते. त्यांना कनातीचीही सोबत नव्हती. आनंद यादव यांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी २०१०ला ‘नटरंग’ काढला, तेव्हा त्या हशाची दुसरी बाजू मराठी पडद्यावर मोठ्या प्रमाणात प्रथमच आली, असे मी मानतो.

श्रोतेहो, आतापर्यंत मी इतरांच्या दुखण्याविषयी बोललो. आता आपल्या दुखण्याविषयी बोलतो. शहरी विनोदी चित्रपटांत घरगडी, मोलकरीण, हवालदार आणि गावाकडचा चुलता ही पात्रे ज्या बोलीत बोलतात ती बोली ना कोल्हापूरची असते ना बीडची ना नांदेडची. ती स्टुडिओतच तयार झालेली, केवळ ‘हा अडाणी आहे’ एवढे कळवण्यापुरती. तिच्यावर आपण इथे बसून मनसोक्त हसलो. मग आपलीच मुलगी पुण्याच्या वसतिगृहात ‘मी जेवायले’ म्हणाली आणि खोलीतल्या चौघी हसल्या, तेव्हा तिने ते बोलणे सोडून दिले. सुटीत घरी येते ती ‘मी जेवतेय’ म्हणत येते. त्या चौघी काही दुष्ट नव्हत्या. कोणत्या बोलीवर हसायचे हे त्यांना चित्रपटांनीच शिकवले होते, आणि त्या शाळेत आपणही त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलो होतो. याला उतारा मराठवाड्यानेच दिला: विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात एकट्याने बावन्न पात्रे उभी केली, त्यांत आपल्याकडची माणसे, त्यांची भांडणे आणि त्यांची भाषा घेऊन तासन्‌तास लोकांना हसवले, पण ते हसू घरातल्या माणसाने घरातल्या माणसांना हसण्याचे होते, आणि त्यात गावाकडच्या माणसाचा भाबडेपणा जितका दिसतो तितकाच शहाणपणाही. आपल्यापैकी कोणाला त्याचा राग आल्याचे मी ऐकले नाही.

याची परंपरा शोधायची तर पैठणपर्यंत जावे लागते. एकनाथांनी भारुडांत महार, वाघ्या, मुरळी, आंधळा, मुका, बहिरा अशी सोंगे आणली. त्यांतला मुका कोण, तर विद्येच्या घमेंडीत वाचा हरवून बसलेला पंडित. जोहार घालणारा महार कोण, तर उंचावर बसलेल्यांना त्यांचा हिशेब ऐकवणारा. सोळाव्या शतकात एका ब्राह्मणाने हे सोंग घ्यावे, ही धिटाई लहान नव्हे. मात्र आज एखादा मूकबधिर तरुण मला विचारू शकतो, की पंडिताला शासन करायला तुम्हांला माझेच व्यंग का लागले; आणि नाथांविषयी अपार आदर ठेवूनही हा प्रश्न गैरवाजवी आहे असे मला म्हणता येणार नाही. नाथ स्वतः त्याचे ऐकून घेते, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

गेल्या दहाबारा वर्षांत वयात येणाऱ्या मुलांवर जे मराठी चित्रपट निघाले, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हा नवा प्रेक्षक आकाशातून पडलेला नाही, तो पडद्यानेही घडवलेला आहे, हे दिसते. २०१३च्या जानेवारीत आलेला ‘बालक-पालक’ आपल्या लातूरच्या बाभळगावच्या रितेश देशमुख यांनी निर्मिलेल्या चित्रपटांपैकी एक. व्हीसीआर भाड्याने आणण्याच्या काळातली चाळ, आणि मोठी माणसे ज्याविषयी कुजबुजतात ते नेमके काय, हे शोधायला निघालेली चार पोरे. विषय असा, की पंचवीस वर्षांपूर्वी त्याचा एक तर चावट चित्रपट झाला असता किंवा आरोग्य खात्याची माहितीफीत. रवी जाधव यांनी तो हसता हसता केला, आणि त्यातली फजिती पोरांची कमी, गप्प बसणाऱ्या पालकांची अधिक. पुढच्या वर्षी ३ जानेवारीला त्यांचाच ‘टाइमपास’ आला, दगडू आणि प्राजक्ता यांच्या कोवळ्या प्रेमाचा. आणि सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. दोन्हींत वरच्या थरातल्या मुलीवर भाळलेला पोरगा आहे, दोन्हींत टिंगल आहे. ‘टाइमपास’मध्ये आपण दगडूबरोबर हसतो. ‘फँड्री’त डुकरांमागे धावणाऱ्या जब्याच्या कुटुंबावर अख्खे गाव हसते, त्यात त्याच्या वर्गातली पोरे असतात, ज्या मुलीसाठी तो झुरतो ती असते, आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षागृहाच्या दिशेने येतो. पोरांच्या प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट म्हणून आत शिरलेल्या कितीतरी प्रेक्षकांना, आपण नेमके कोणत्या जमावात उभे होतो, हे त्या क्षणी कळले. २०१६च्या ‘सैराट’मध्ये तर नायकाचे नावही पुन्हा परशाच, आणि त्याच्या मित्राला सारे गाव लंगड्या म्हणते, पण तो लंगडत प्रेमात पडतो, मार खातो, मैत्री निभावतो, आणि ते काम करणारे तानाजी गळगुंडे यांचे चालणे हा सोंगाचा भाग नाही. त्याच्यावर हसताना आपण त्याला कमी लेखत नाही. तेथे हसण्याला परवानगी त्याने स्वतः दिलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये, ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटावरील दाव्याचा निकाल देताना, असाच भेद केला: अपंगत्वाविषयीची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंगाला आणखी पंगू करणारा विनोद वेगळा. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या त्या निकालपत्राने चित्रपटवाल्यांना मार्गदर्शक सूत्रे घालून दिली, ज्यांच्याविषयी चित्रण आहे त्यांचा सल्ला घ्या असेही सांगितले. मला हा भेद मान्य आहे, फक्त तो न्यायाधीशाने करण्यापेक्षा प्रेक्षकाने करावा, असे वाटते; कारण हुकमाने थांबवलेले हसू दुसरीकडे जाऊन अधिक कडवट होते.

म्हणूनच जुन्या चित्रपटांना कात्री लावा, अमुक प्रसंग वगळून दाखवा, या सूचनेला माझी हरकत आहे, आणि ती हरकत इस्लापुरात बोलून दाखवणे मला विशेष उचित वाटते. १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत हे आपले इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचे एक सर्कल होते. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात त्याचे नाव किनवट आणि राजुरा यांच्याबरोबर स्वतंत्रपणे लिहिलेले आहे. त्याआधी निजामाच्या मुलुखात १९२९ची ‘गश्ती निशान ५३’ लागू झाली, तेव्हा सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून सभा भरवायची सोय राहिली नाही. आजच्यासारख्या व्याख्यानाआधी अर्ज करावा लागला असता, आणि माझ्या विषयाला ती परवानगी मिळाली असती असे मला वाटत नाही. कोणी काय ऐकावे याचा निवाडा दप्तरात बसून करणारी सत्ता कशी असते, हे या भागातल्या वृद्धांनी पाहिले आहे. मुलांच्या वयानुसार चित्रपटाची वर्गवारी करणे ही वेगळी गोष्ट. २०२३च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे अशी जी उतरंड आणली, ती पालकांना उपयोगीच आहे. पण ‘गंमत जंमत’मधले अपहरण कापून टाकले तर उरते काय, आणि १९८७ साली आपण कशावर हसत होतो याचा पुरावा तरी कोठे राहतो? दस्तऐवज फाडून इतिहासाची सुधारणा होत नसते.

चालकांना माझी एक व्यवहार्य सूचना आहे. पुढील वर्षी व्याख्यानाचा एक दिवस कमी करावा आणि त्या दिवशी याच सभागृहात बनवाबनवी अखंड दाखवावा. शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलामुलींना, त्यांच्या आईबापांना आणि आजीआजोबांना एकत्र बसवावे, मध्ये कनात घालू नये. नंतर चर्चा ठेवावी, तिच्यात पहिला क्रम मुलींचा असावा आणि माझ्या वयाच्या माणसांनी, जमले तर, शेवटी बोलावे. सहस्रकुंड पाहायला पावसाळ्यात जे पाहुणे येतात त्यांनाही आमंत्रण द्यायला हरकत नाही, पैनगंगेपलीकडची विदर्भातली मंडळीही हसायला कमी नाहीत. आणि सरपोतदारांच्या वाड्याचा प्रसंग आटोपला की चित्रपट थोडा थांबवून, पुण्याला कॉट बेसिसवर राहून आलेल्या आपल्या गावच्या मुलांना पाच पाच मिनिटे बोलू द्यावे. त्यांचे अनुभव सबनिसांच्या संवादांना हार जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.